खोटे पाच

"तीन नऊ," योगराज माइकमध्ये म्हणाला. "गणेश, सिग्नल जोरदार आहे, नऊ. पण शब्द कळत नाहीत. तीनच देतो. माइक बघ तुझा. ओव्हर."

बारडोलीहून गणेश काहीतरी बोलला. बरंच बोलला. सेटवरच्या सगळ्या पट्ट्या भरलेल्या होत्या, आवाजही मोठा होता, पण गोधडीखालून आल्यासारखा. शेवटचं 'काका' तेवढं नीट लागलं.

"परत सांग. माइक तोंडापासून चार बोटं लांब धर आणि सावकाश बोल."

गणेश परत बोलला. योगराजने कपाळाला आठ्या घातल्या आणि आवाजाचं बटण आणखी फिरवलं. तेवढ्यात चलथाणहून सुषमा मध्ये आली. "काका, गणेश म्हणतोय, माइक नवा आहे. माइक नवा आहे. मागच्याच आठवड्यात बदलला."

"मग केबल बदल. पाणी शिरलं असेल. सराव तोंडावर आलाय आणि बारडोली अशी बोबडी बोलायला लागली तर कसं चालेल?"

कोसाडच्या वसाहतीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत, वाळत घातलेल्या चादरींच्या मागे योगराज बोरसेचं हे स्टेशन होतं. एक जुनं टेबल, त्यावर सेट, बॅटरी, आणि वर गच्चीत पाइपाला बांधलेली अँटेना. हौशी रेडिओचा परवाना असलेली सुरतेच्या आसपासची आपली मंडळी दर रविवारी सकाळी एका ठरलेल्या लहरीवर एकत्र येत. कंट्रोल योगराज. तो एकेकाला हाक मारणार, हजेरी घेणार, प्रत्येकाला सिग्नलचे गुण देणार. दरवर्षी पावसाळ्याआधी तापीच्या पुराचा सराव व्हायचा, तेव्हाही कंट्रोलच्या खुर्चीत तोच. उकाईच्या धरणातून किती पाणी सोडलं, कुठल्या वसाहतीत किती माणसं अडकली, हे सगळं त्या खुर्चीतल्या माणसाने एकदा ऐकायचं, बरोबर ऐकायचं आणि पुढे सांगायचं.

त्याने सेट बंद केला. आतून सरला काहीतरी म्हणाली.

"तोंडातल्या तोंडात बोलू नको," तो गॅलरीतून ओरडला.

ती दारात येऊन उभी राहिली. "चहा थंडा व्हई गया. कितीक दाव सांगू?"

"मग मोठ्याने सांगावं."

"खाली रिक्षावालाले ऐकू गया," ती म्हणाली आणि कप टेबलावर ठेवून गेली.

योगराजने तीस वर्षं उधन्याच्या लूमच्या खात्यांमध्ये, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यांमध्ये, काढली होती. पारोळ्याकडच्या गावातून आला तेव्हा बॉबिन भरायच्या कामाला लागला, मग कारीगर झाला, मग बिघडलेले लूम दुरुस्त करणारा मास्टर. रेडिओ त्याच्या आयुष्यात आला तो मोठ्या पुराच्या वर्षी. तेव्हा ते अमरोलीत भाड्याने राहायचे. सरला बहिणीकडे बारडोलीला गेलेली, आणि इकडे पहिला मजला पाण्याखाली. फोन मेलेले. समोरच्या गच्चीवर एक गुजराती गृहस्थ छत्रीखाली बसून कुठल्याशा पेटीशी बोलत होते. योगराजने ओरडून सरलाचं नाव आणि तिच्या बहिणीचा पत्ता सांगितला. दुपारी गृहस्थांनी ओरडून उत्तर दिलं, "बेन सारां छे. कहे छे, पाणी उकाळीने पीजो." बाई ठीक आहेत, पाणी उकळून प्या म्हणतात. हे वाक्य सरलाशिवाय दुसरं कोणी बोलणं शक्य नव्हतं. पुढच्या वर्षी योगराजने परीक्षेचा फॉर्म भरला.

परीक्षेचं पुस्तक जाडजूड आणि इंग्रजीत. पास झाला तरी प्रत्यक्ष माइक हातात आल्यावर त्याची बोबडी वळली होती. म्हणून नव्या लोकांसाठी त्याने एक पत्ता तयार केला. खेळायच्या पत्त्याहून जरा मोठा, शर्टाच्या खिशात मावेल असा, दोन्ही बाजूंनी छापून लॅमिनेट केलेला. एका बाजूला अल्फा, ब्रावो, चार्ली ही अक्षरांची नावं. त्याखाली क्यूने सुरू होणारे दहाबारा संकेत, मराठीत अर्थासह. दुसऱ्या बाजूला वापरायच्या लहरी, हाक कशी द्यायची, तातडीचा निरोप मध्ये कसा घुसवायचा, आणि सगळ्यात खाली गुणांचा तक्ता. सिग्नलचा जोर नऊपैकी. तो सेटच्या पट्ट्या सांगतात. शब्द किती कळतात ते पाचपैकी. ते आपण सांगायचं. पाच, प्रत्येक शब्द कळतो. चार, जवळजवळ सगळं कळतं. तीन, कळतं पण कष्टाने. दोन, मधूनच एखादा शब्द. एक, काहीच नाही.

आणि तळाला जाड अक्षरांत एक ओळ : *खोटे पाच देऊ नयेत. समोरच्याचा दोष त्याला कळत नाही.*

लोक त्याला 'बोरशांचा पत्ता' म्हणत. लॅमिनेशनचे कोपरे खिशाला टोचतात म्हणून सरला प्रत्येक पत्त्याचे चारही कोपरे कात्रीने गोल करायची आणि भोक पाडून त्यात लूमच्या धाग्याची दोरी ओवायची. परवाना नसूनही तिला आख्खा पत्ता पाठ होता.

ही तळाची ओळ योगराजने उगीच लिहिली नव्हती. हौशी मंडळींत सगळीकडे एक गोड खोड आहे. समोरचा कसाही ऐकू येवो, 'पाच नऊ' म्हणून मोकळं व्हायचं. योगराज ते करत नसे. खात्यातही तो सूत खराब असेल तर शेठला तोंडावर सांगायचा. त्यामुळे त्याच्याकडून पाच मिळाले की लोकांना बरं वाटायचं. गेल्या दिवाळीपासून मात्र ते कोणाला मिळेनासे झाले होते. गणेशला तीन. सुषमालाही तीन. उधन्याच्या बळीरामला चार, कारण त्याचा आवाज ढोलासारखा. योगराजचं निदान असं, की हे नवीन हातातले सेट स्वस्त आणि त्यांचे माइक भिकार.

बारडोलीचं स्टेशन सरावात महत्त्वाचं होतं. उकाईकडचे आकडे तिथूनच सुरतेला यायचे. म्हणून बुधवारी सकाळी योगराज पिशवीत स्वतःचा माइक, स्वतःची केबल आणि कपड्यात गुंडाळलेला स्वतःचा सेट घेऊन बसने बारडोलीला गेला.

गणेशचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं, वर घर, घरावर गच्ची. पोरगं तिशीचं, वाचाळ, पण त्या दिवशी जरा दबून होतं.

"काका, आधी रस घ्या. ऊस कारखान्याला जायच्या आधी आमच्याकडे येतो."

"काम झाल्यावर."

बिघाड शोधायची योगराजची एक रीत होती. खात्यात त्याने ती कित्येकांना शिकवली होती. लूम धागा तोडतोय? डोकं चालवत बसू नको. एकेक भाग काढ, चालत्या लूमचा भाग तिथे लाव, आणि बघ. ज्या भागाने फरक पडला तो गुन्हेगार. सगळे भाग बदलूनही धागा तुटतोच आहे, तर जे बदललं नाही त्याच्याकडे बघ.

आधी बारडोलीला नीट ऐकू येतं का ते बघायचं म्हणून त्याने चलथाणला हाक दिली. सुषमा साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला होती. तिची दुपारची पाळी असल्याने ती घरी होती. "बोलत राहा," योगराजने तिला सांगितलं. "काहीही बोल. पेपर वाच."

सुषमा वाचू लागली. पट्ट्या भरल्या. योगराजने कान लावला. तीन.

त्याने गणेशची केबल काढून स्वतःची लावली. गच्चीवर जाऊन अँटेनेचे जोड उघडले, घासले, बंद केले. तीन. मग गणेशचा सेट बाजूला करून स्वतःचा जोडला, जो कोसाडला रोज चालतो तो. सुषमा वाचतच होती. तीन.

"तुझ्याकडे दुसरा माइक आहे का गं?" त्याने विचारलं. तिने बदलला. तीन.

"सेट?"

तिच्याकडे दुसरा सेटही होता. तीन.

योगराज खुर्चीत मागे टेकला. बाजूला स्टुलावर गणेश बसला होता. सवयीने त्याच्या हातात पेन होतं आणि दुकानाच्या पावतीच्या पाठीवर तो सुषमा वाचत असलेलं भराभर लिहून घेत होता. सरावाआधी सगळे असंच करायचे. ऐकत लिहायचं वळण राहावं म्हणून. योगराजने त्या कागदाकडे पाहिलं. ओळीमागून ओळ. कापसाचे भाव, सरदार पुलाचं काम, कुठल्याशा शाळेचा निकाल. मध्ये एकही जागा कोरी नव्हती.

"गणेश."

"हां काका."

"तुला किती?"

गणेशने पेन खाली ठेवलं. भिंतीवर खिळ्याला बोरशांचा पत्ता लटकत होता, त्याच्याकडे त्याने एकदा पाहिलं.

"पाच," तो म्हणाला.

सुषमा अजून वाचत होती. खाली रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला. त्याची धडधड योगराजला छातीपर्यंत स्पष्ट जाणवली. जे बदललं नव्हतं ते या खुर्चीत बसलं होतं.

 मग योगराजने स्क्रू ड्रायव्हर पिशवीत ठेवला. "किती केबली बदलल्यास तू?"

"दोन... तीन, काका. आणि माइक."

"तुला पाच ऐकू येत होतं, सगळे तुला पाच देत होते, मग बदलल्यास कशाला?"

"तुम्ही तीन दिले," गणेश म्हणाला. त्याला यात समजावून सांगण्यासारखं काही वाटत नव्हतं. "तुम्ही दिले म्हणजे असणार."

योगराजने उसाचा रस घेतला. सेट पुन्हा कपड्यात गुंडाळला आणि संध्याकाळच्या आत सुरतेला परतला. पण घरी गेला नाही, उधन्याला उतरला.

बळीरामचं खातं चालू होतं. शंभरेक लूम एका छपराखाली खडखडत होते. अशा ठिकाणी कानांनी कोणी ऐकत नाही. नवा माणूस आला की पहिल्या महिन्यात ओठ वाचायला शिकतो आणि दुसऱ्या महिन्यात हातांनी बोलायला. दोन बोटं कातरीसारखी हलवली की धागा तुटला. मूठ फिरवली की बॉबिन. तळवा आडवा कापला की मशीन बंद. योगराज आणि बळीराम आयुष्याची अर्धी भांडणं अशीच भांडले होते, वीस फुटांवरून, एकही आवाज न काढता.

बळीरामने त्याला दारात पाहिलं आणि हात हलवला. काय?

योगराजने आपल्या कानाला बोट लावलं. मग तळवा आडवा कापला.

 बळीरामने खांदे पाडले आणि मान हलवली. त्यात आश्चर्य नव्हतं. योगराजला ते लांबूनही दिसलं.

बाहेर चहाच्या लारीवर दोघे बाकड्यावर बसले. बळीराम त्याच्याकडे तोंड करून बसला. आता आठवलं, तर गेलं वर्षभर तो असाच बसत होता.

"तुले ठाऊक होतं," योगराज म्हणाला.

"सर्वासले ठाऊक शे."

"कवपासून?"

"दिवाळीना आधीपासून. तू समोर ऱ्हायना का तुले सर्वं समजस. मन्हं तोंड वाचस तू. रेडिओले तोंड नही ना, भो." त्याने बशीत चहा ओतला. "सुषमा प्रत्येक गोट दोनदाव सांगस. तुनासाठे. ती मालेबी म्हने, काका, हळू बोला, जाड आवाजमा बोला."

योगराजला वाटलं होतं, कारखान्यातल्या मुलीला दोनदा बोलायची सवय असेल. आणि स्टेशनांच्या अक्षरी खुणा, म्हणजे कॉलसाइन, त्याला अजून बिनचूक लागत होते, कारण अल्फा-ब्रावो त्याच्या हाडात मुरलेले. चाल ऐकली तरी शब्द ओळखू यायचा. साध्या बोलण्याला अशी ठरलेली चाल नसते.

"माले कोनी सांगं नही."

"कोन सांगी? तू कंट्रोल शेस. अठरा वरीसपासून."

"हाई खोटं पाच शे, बळीराम."

"शे," बळीराम म्हणाला. "मंग? तू दे ना माले खरं. जिंदगीभर देत उना."

योगराजने चहा संपवला. रागवायला जागाच सापडेना.

दुसऱ्या दिवशी तो कानाच्या दवाखान्यात गेला. काचेच्या खोलीत बसून, आवाज आला की बटण दाबायचं. तपासणाऱ्या मुलीने नंतर कागद समोर धरला. जाड सुरांना रेष सरळ चालली होती. बारीक सुरांकडे जाताना ती घाटावरून खाली उतरावी तशी उतरली होती. "लूममां काम करता हता, काका?" तिने विचारलं, त्याने काही सांगण्याआधीच. स, श, त, क ही अक्षरं त्या उतारावर राहतात, ती म्हणाली. ती गेली की आवाज ऐकू येतो, शब्द येत नाही. कानाचं मशीन लावाल तर समोरच्याचं बरंच कळेल. रेडिओचं विचारल्यावर तिने जरा थांबून, "थोडुंक," म्हटलं.

सरलाला त्याने कागद दाखवला. तिने तो उलटासुलटा पाहिला.

"हाई माले कागद वाचीसन समजी?" ती म्हणाली. "मी दहा वरीसपासून सांगी ऱ्हायनू."

"तू सांगायचीस ते ऐकूच यायचं नाही."

यावर ती हसली, आणि मग पदराने डोळे पुसत स्वयंपाकघरात गेली. ती हसताना पुसत होती की कसं, ते त्याला पाठीमागून कळलं नाही.

सरावाच्या आधीच्या रविवारी त्याने हजेरी घेतली आणि शेवटी सांगितलं, "पुराच्या सरावाला कंट्रोल सुषमा बसेल. यापुढे रविवारीही. मी कोसाडचं साधं स्टेशन. कारण सगळ्यांना माहीत आहे. ओव्हर."

 लहरीवर सगळे एकदम आले आणि कोणाचंच काही कळलं नाही. ते मात्र त्याच्या कानांमुळे नव्हतं.

सरावाच्या दिवशी सुषमा पालिकेच्या इमारतीतल्या खोलीत सेट लावून बसली होती आणि योगराज आपल्या गॅलरीत. तिने एकेकाला हाक दिली. बारडोली, पाच नऊ. उधना, पाच नऊ. मग कोसाड. तिने योगराजचा कॉलसाइन घेतला. अक्षरांच्या चालीवरून त्याने तो ओळखला. पुढचं तिने काय विचारलं ते ऐकू आलं नाही, पण त्या जागी काय विचारतात ते त्यानेच तिला शिकवलं होतं.

"तुमचा सिग्नल नऊ," तो म्हणाला. "कळतं दोन. दोष माझ्याकडचा आहे, तुमचा माइक उत्तम आहे. माझ्याकडे आकडे पाठवू नका. कोसाडमधून काही पाठवायचं असेल तर मी पाठवेन. ओव्हर."

बॅटरीवरचा लाल दिवा लुकलुकला. सुषमा थोडंसंच बोलली. एकदाच बोलली, दुसऱ्यांदा सांगितलं नाही, आणि लगेच पुढच्या स्टेशनला हाक दिली. कंट्रोलने असंच करायचं असतं. योगराजने माइक खाली ठेवला आणि आवाजाचं बटण पहिल्यासारखं, शेजाऱ्यांना त्रास होणार नाही इतपत कमी केलं.

पुढच्या आठवड्यात त्याने पत्ता नव्याने छापून आणला. अक्षरं तीच, संकेत तेच. फक्त गुणांच्या तक्त्याखाली, जुन्या ओळीच्या खाली, आणखी एक ओळ : *तीन किंवा कमी देण्याआधी दुसऱ्या स्टेशनला किती कळतं ते विचारावे.*

दुपारी तो गॅलरीत बसून लॅमिनेशनचे तुकडे कापत होता. कोपरे गोल करायचं काम सरलाचं. कापलेला गठ्ठा आत तिच्या पाटाशेजारी ठेवलेला होता. कानात नवं मशीन होतं. पंख्याची घरघर, कात्रीचा आवाज, खालच्या पोरांचा गलका, सगळं एकाच मापाने आत येत होतं.

आतून सरला काहीतरी म्हणाली.

त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. कात्री ठेवली, चादरी बाजूला सारल्या आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला. ती खिडकीकडे तोंड करून भाकरी थापत होती.

"काय म्हणालीस?"

"काही नही."

"काहीतरी म्हणालीस."

"तितलं खास नव्हतं."

"नसू दे. सांग."

ती वळली. हाताला पीठ, कपाळाला पीठ, आणि खिडकीचा उजेड तोंडावर. "म्हन्तं, कारलाना येलले फूल उनात," ती म्हणाली, त्याच्याकडे बघून, पण आवाज न चढवता. "यंदा लवकर उनात."

त्याने तिच्या मागे पाहिलं. खिडकीच्या गजांवर चढलेल्या वेलाला पिवळी फुलं होती. ती किती दिवसांची असतील, त्याला सांगता आलं नसतं.

"चार," तो म्हणाला.

सरलाने मान हलवली आणि पुन्हा परातीकडे वळली. मग काहीतरी आठवल्यासारखी थांबली, पाट उचलून परातीच्या दुसऱ्या बाजूला ठेवला, आणि दाराकडे तोंड करून भाकरी थापायला बसली.